आत्याला जनता वसाहतीच्या वरच्या गल्लीतून हलवावं का?

धायरीकर_बाइंडर

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, थोडं पाल्हाळ लागणार, सांभाळून घ्या.

माझी सख्खी आत्या जनता वसाहतीत राहते. पर्वतीच्या उतारावर, वरच्या अंगाला. वसाहत पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. न पाहिलेल्यांसाठी: खाली कालवा, तिथपर्यंत रिक्षा येते. पुढं गल्ली. समोरून कुणी आलं तर एकानं कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून वाट द्यायची. पायऱ्या ज्यानं त्यानं आपापल्या दारापुरत्या बांधलेल्या, त्यामुळं एक बोटभर उंच, तर पुढची पार गुडघ्याला लागेल अशी. धरायला काही नाही. आत्या भिंतीला तळवा लावत लावत चढते. एका घराच्या निळ्या रंगावर कमरेच्या उंचीला काळपट पट्टा उठलाय. तो एकट्या तिच्या हाताचा नाही, गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा आहे.

खोली दहा बाय बारा. विटांच्या भिंती, वर पत्रा, अर्ध्या भागात पोटमाळा, दाराशी मोरी. पाणी सकाळी येतं, वरच्या गल्लीत येईस्तोवर त्याला जोर राहत नाही, म्हणून निळं पिंप भरून ठेवायचं. संडास घरात नाही. सार्वजनिक संडास खालच्या अंगाला, आणि तिथंही आत शिरायला पुन्हा चौथऱ्याच्या पायऱ्या. माझा बाप लवकर गेला. आठवी ते दहावी मी याच पोटमाळ्यावर झोपून शिकलो, तेव्हा यातलं काहीच जाणवलं नव्हतं. पोरवयात त्या पायऱ्या आम्ही दोन-दोन उड्या मारत उतरायचो.

आतोबा १९७२च्या दुष्काळात करमाळ्याकडून आले, बिगारीवर राबले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आत्यानं सहकारनगरच्या बंगल्यांमधनं धुणीभांडी केली. गुडघे गेल्यापासून एकाच घरी पोळ्या लाटायला जाते, महिना अडीच हजार. सकाळी एकदा उतरते, दुपारी एकदा चढते, की दुसऱ्या दिवसापर्यंत खाली नाही.

वय किती, इथंच पहिली गोम आहे. आधारवर ०१/०१/१९५९. पानशेतच्या पुरात, म्हणजे १२ जुलै १९६१ला, आजोबांचं बिऱ्हाड पेठेत नदीकाठी होतं. पाणी आलं तेव्हा धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बापाला, कडेवर घेऊन आपण पळालो असं ती आजही तपशिलानं सांगते. आधार खरं मानलं तर ती तेव्हा अडीच वर्षांची. अडीच वर्षांची पोर भावाला कडेवर घेते होय? सात-आठ वर्षांची तरी असणारच. म्हणजे खरं वय एकाहत्तर-बहात्तर, कागदावर सहासष्ट.

या उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन पडली. एकदा मोरीत, एकदा गल्लीत. दुसऱ्या वेळी पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणली, कारण स्ट्रेचर वळणावर वळत नाही. दवाखान्यात सलाइन लावलं, बीपीच्या गोळ्या तपासल्या, घरी सोडलं. मला खटकतं ते वेगळंच: दुपारी चारनंतर ती चहा घेत नाही. माझ्या बायकोनं केला तरी नको म्हणते. ॲसिडिटी होते म्हणे. आयुष्यभर दिवेलागणीला चहा प्यालेली बाई आहे ही.

माझं घर धायरीला, वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बायको स्वतःहून म्हणाली की आणा त्यांना. आत्याला विचारलं तर म्हणते, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी काय कबूतर होऊन बसू?"

त्यात एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेची, चर्चा पुन्हा उठलीय. आत्तेभाऊ चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला आहे. तो म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून खोली माझ्या नावावर कर, नंतर वारसाची कटकट नको. पोरगा वाईट नाही, दर महिन्याला जमेल ते पाठवतो. पण फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, अजून आतोबांच्याच नावावर आहे, आणि आत्या मला विचारते, "अंगठा देऊ का रे?" मी काय सांगू?

तर, हलवावी का? आणि नाही हलवली तर तिथंच काय करता येईल? अनुभवाचं सांगा. सहानुभूती पुष्कळ मिळालीय.

दांडेकर_पूल_जुना

भाऊ, मी तुमच्या खालच्या अंगाचा. २७ सप्टेंबर २०१८ला कालव्याची भिंत फुटली, तेव्हा पाणी आमच्या घरातनं गेलं. भर दिवसा, लख्ख ऊन, पाऊस नाही काही नाही, आणि घरात पाणी. आईची पत्र्याची पेटी तरंगत दारात आली. आत शिधापत्रिका, बाबांचा मृत्यूचा दाखला, लाइट बिलं, सगळ्याचा लगदा. माणसं वाचली, पण पुढची कितीतरी वर्षं आई स्वतःच्याच घरात राहते हे सिद्ध करत बसलो. म्हणून पहिलं सांगणं: आत्याचे सगळे कागद आज रात्री मोबाइलवर काढून ठेवा. फोटोपासच्या दोन्ही बाजू.

आता एसआरएचं. आम्ही नंतर दुसरीकडच्या एका पुनर्वसन इमारतीत गेलो, सातवा मजला. इथं लोक लिहितात की वस्तीत माणुसकी असते, इमारतीत म्हातारी माणसं कोंडून मरतात. अर्ध खरं आहे. लिफ्ट महिन्यातनं काही दिवस बंदच, कारण मेंटेनन्स कोण भरणार यावर सोसायटीत भांडणं. लिफ्ट बंद तेव्हा आई घरात बंद. खालच्या बायका वर येत नाहीत, वरच्या खाली जात नाहीत. वस्तीत आई दारात बसून मटार सोलायची, तर चार जणी सोलायला यायच्या. इथं दार उघडं ठेवलं तर समोरचे विचारतात, काही प्रॉब्लेम आहे का?

पण आईला विचारा, परत जाशील का? नाही म्हणते. लगेच, विचार न करता. "बाकी काही असू दे, दाराला कडी लावून निवांत बसता येतं," म्हणते. सत्तर वर्षांच्या बाईला पहिल्यांदा मिळालेली गोष्ट आहे ती. वस्तीच्या माणुसकीवर लिहिणाऱ्यांनी हे एकदा तिच्या तोंडून ऐकावं.

एक करा. योजना खरंच आली तर मजला सोडतीत निघतो. सोडतीच्या आधी आत्याच्या गुडघ्यांचे कागद लावून खालच्या मजल्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्याकडं ज्यांनी असे अर्ज दिले होते त्यातल्या काहींना मिळाला. तोंडी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

सरळ_हिशेब

एवढा विचार कशाला? खोली विका, येतील ते पैसे बँकेत टाका, आत्याला तळमजल्यावर भाड्यानं ठेवा. भावनेत अडकलं की माणसं अशीच पडून राहतात.

धायरीकर_बाइंडर

@सरळ_हिशेब, विकायला सातबारा आहे का आमच्याकडं? वसाहतीतली खोली नोटरीवर 'विकतात', म्हणजे ताबा देतात. घेणाऱ्याला स्वस्तात मिळते, देणारी कायमची बाहेर. नंतर योजना आली तर तिचं नाव कुठंच नाही. आणि तळमजल्यावरचं भाडं धायरीतसुद्धा तिच्या पगाराच्या तिप्पट आहे. घरमालक एकट्या म्हातारीला खोली देतात का, तेही एकदा विचारून बघा.

निवृत्त_परिचारिका

धायरीकर दादा, तुमच्या आत्याबाईंना ॲसिडिटी नाही. त्या पाणी तोडतात.

माझी सगळी नोकरी मनपाच्या दवाखान्यांत, वस्त्यांतच गेली. साठीपुढच्या बाईला "पाणी किती पिता?" विचारलं तर उत्तर येतं, "भरपूर". तसं विचारायचंच नाही. विचारायचं, शेवटचा चहा कधी घेता? रात्री उठावं लागलं तर काय करता? मग खरं बाहेर येतं. चारनंतर घोट नाही, संध्याकाळचं जेवण नुसता कोरडा घास, कारण रात्री अंधारात पायऱ्या उतरायच्या, कुत्री, संडासातला बल्ब गेलेला, उकिडवं बसलं की उठता येत नाही, आणि पुरुषांच्या बाजूला कोण उभं असेल सांगता येत नाही. अडलंच तर मोरीत बसतात आणि सकाळी कुणी उठायच्या आत फिनेल टाकतात. हे त्या भाच्याला सांगणार नाहीत. सुनेला पण सांगणार नाहीत. कदाचित तुमच्या बायकोला सांगतील, एकटीला.

यात दुसरा धोका गोळीचा आहे. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं. बायका ते बरोबर ओळखतात आणि कामावर जायच्या दिवशी गोळी खातच नाहीत. दवाखान्यात बीपी वाढलेलं दिसतं, डॉक्टर डोस वाढवतात. मग एखाद्या दिवशी भीतीनं बाई सगळ्या गोळ्या नेमानं घेते, वर पाणी प्यालेली नसते, पत्र्याखाली मे महिन्याची दुपार, आणि धाडकन पडते. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं, पण खात्री तपासल्याशिवाय होणार नाही. तिचा गोळ्यांचा डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. किती गोळ्या दिल्या होत्या आणि किती उरल्या ते त्यांच्यासमोर मोजा. आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. वेळ बदलता येईल का एवढं विचारा. पोळ्यांचं काम आटोपून घरी आल्यावर घेतली तर चालेल का, असं.

वय झालं की तहान लागणंही कमी होतं, त्यामुळे शरीर ओरडून सांगत नाही. लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, पायात गोळे हे तर आलंच. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर कधी कधी ताप येत नाही, नुसतं बरळायला होतं. घरचे म्हणतात, "म्हातारी चळली." चळलेली नसते, साध्या औषधानं चार दिवसांत ताळ्यावर येते. असं झालं तर देवऋषी शोधू नका, लघवी तपासा.

आता उपाय. सर्जिकलच्या दुकानात कमोड खुर्ची मिळते. खाली भांडं असतं, झाकण असतं. मोरीला पडदा आहे का बघा, खुर्ची तिथं बसते का मोजा. पण घेण्याआधी एक प्रश्न मोकळेपणाने सोडवा: भांडं रोज कोण ओतणार? आत्या स्वतः ते घेऊन पायऱ्या उतरणार असतील तर पडण्याचा धोका उलट वाढला. मी कितीतरी घरांत या खुर्च्या कपडे वाळत घालायला वापरलेल्या पाहिल्या, त्या याच कारणानं. शेजारच्या एखाद्या पोराला महिन्याचे पैसे ठरवून द्या, पण ठरवा. नुसतं रात्रीच्या लघवीपुरतं वापरलं तर मोरीतच ओतून पाणी मारता येतं, तेवढ्यानंही निम्मा प्रश्न सुटतो.

रागावू नका, पण तिसऱ्या मजल्यावर नेणं हा उपाय आहे असं मला वाटत नाही. घरात संडास मिळेल हे खरं, पण आज त्या रोज उतरतात, काम करतात, चार लोकांत असतात. तुमच्याकडे उतरणं बंद होईल आणि गुडघे वर्षात बसतील.

जाता जाता. २०११च्या जनगणनेत पुणे मनपा हद्दीत जवळजवळ सात लाख माणसं झोपडपट्टीत मोजली गेली. त्यात साठीपुढचे हजारोंनी असणार. आम्ही दर बैठकीत लिहून द्यायचो की सार्वजनिक संडासात बायकांच्या बाजूला निदान एक कमोड आणि धरायला एक दांडी लावा. लोखंडी दांडी. त्याला काय निविदा लागते?

खिडकी_नंबर_तीन

मी लोकांचे अर्ज भरून देते, त्यामुळे माझं फक्त कागदापुरतं.

आत्यांना लाडकी बहीण मिळत होती का? असेल तर पासष्टला बंद झाली असणार, आणि 'आता श्रावणबाळ घ्या' असं कुणीतरी सांगितलं असेल. इथं मेख बघा. लाडकी बहीणला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालतं. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतनाला मर्यादा २१ हजार. दोन्हीकडं रक्कम तीच, महिना १५००. म्हणजे बाई चौसष्ट वर्षांची असताना गरीब होती आणि पासष्ट पूर्ण झाल्या दिवशी श्रीमंत झाली. २१ हजार भागिले बारा, महिना १७५०. तुमच्या आत्यांच्या पोळ्यांचे अडीच हजार म्हणजे वर्षाचे ३० हजार. बसत नाहीत. आता यावर "उत्पन्न कमी दाखवा" असं दहा जण सांगतील. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून येतो, त्यावर प्रतिज्ञापत्र असतं. खोटं मी लिहीत नाही, तुम्ही तुमचं बघा. पण त्यांनी काम सोडलं त्या महिन्यात अर्ज करायचा, एवढं लक्षात ठेवा. तोपर्यंत पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा काढून ठेवा, तो लागतोच. मंजूर झालं तरी दरवर्षी हयातीचा दाखला.

वयाचं. ही ०१/०१ जन्मतारीख माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या आज्यांची असते. आधार काढताना समोरच्यानं तोंडाकडं बघून साल टाकलं, की झाली जन्मतारीख. श्रावणबाळला वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला, जन्मनोंद, शिधापत्रिका किंवा मतदार यादीतलं वय, नाहीतर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला चालतो. पण आयुष्मान वय वंदना कार्ड, जे सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आहे, ते आधारवरच्या वयावर निघतं. म्हणून आत्यांना तिथं अजून थांबावं लागेल. आधारवरची जन्मतारीख बदलायला कागद लागतो. त्या पेठेतल्या शाळेत दोन-तीन वर्षं जरी गेल्या असतील तरी शाळेच्या रजिस्टरला नाव असेल. महापालिकेची शाळा असेल तर जुनी रजिस्टरं कुठं ठेवलीत ते शिक्षण विभागात विचारा. मिळालं तर सोनं. सत्तरी व्हायची वाट बघत आजारपण अंगावर काढू नका, महात्मा फुले जनआरोग्य योजना शिधापत्रिकेवर चालते. ठरलेले उपचार, ठरलेली रुग्णालयं, पाच लाखांपर्यंत.

कमोड खुर्चीसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. पासष्ट पूर्ण, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत, एकदाच तीन हजार खात्यात. चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, श्रवणयंत्र, अशा वस्तूंसाठी. अर्ज जरूर करा, पावती जपा, पण पैसे आल्यावर खुर्ची घेऊ म्हणाल तर पुढचा मे महिना उजाडेल. आधी घ्या.

रेशनला अंगठा लागतो का त्यांचा? भांडी घासून रेषा गेलेल्या असतात. मशीन नाही म्हणालं की दुकानदार "पुढच्या महिन्यात या" म्हणतो. डोळ्यांच्या स्कॅनची सोय मागा. एकटी राहणारी विधवा म्हणून अंत्योदय कार्ड मागता येतं, महिना ३५ किलो धान्य, पण बहुतेक वेळा "इष्टांक संपला", म्हणजे कार्डांचा ठरलेला कोटा संपला, असं उत्तर मिळतं. अर्ज देऊन ठेवा, यादीत जागा होते कधीतरी.

आता अंगठ्याचं. देऊ नका. निदान या क्रमानं देऊ नका. फोटोपास आतोबांच्या नावावर आहे, तर आधी तो आत्यांच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांचं ना हरकत, क्षेत्रीय कार्यालय. मुलाची सही ना हरकतवर घ्या, तो चांगला आहे म्हणता तर देईल. म्हणजे सर्व्हे झाला तर पात्रतेच्या यादीत, परिशिष्ट-२ मध्ये, नाव तिचं येईल. पात्रतेला लागणारं १ जानेवारी २०००च्या आधीचं वास्तव्य तुमच्याकडं सहज सिद्ध होतं, जुनी लाइट बिलं आणि मतदार यादी काढा. त्यापुढं मुलाला द्यायचंच असेल तर कागदावर स्पष्ट लिहा की आईला त्याच घरात राहू देईन आणि सांभाळीन, या अटीवर देत आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत घेता येते. ही अट लिहिलेली नसली की प्रकरण लोंबकळतं. दावा प्रांताधिकाऱ्यांपुढं चालतो, वकील लागत नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथंही सांगतात. मुलाशी भांडण लावायचं म्हणून हे सांगत नाहीये. त्याची नोकरी कंत्राटी आहे. उद्या त्याच्या डोक्यावर कर्ज झालं तर वसुलीवाले त्याच्या नावावरचं बघतात, आईच्या नावावरचं नाही.

धायरीकर_बाइंडर

सगळ्यांचे आभार. रविवारी दोघं जाऊन आलो.

परिचारिका ताई, तुम्ही म्हणालात तसंच. मी भावाला फोन लावायच्या निमित्तानं बाहेर ओट्यावर बसलो, बायकोनं आत विचारलं. मोरी, फिनेल, सगळं शब्दाला शब्द. गोळ्यांच्या डब्यात मागच्या महिन्याच्या निम्म्या गोळ्या तशाच. बायको बाहेर आली ती माझ्याशी बोलेनाच थोडा वेळ. पोळ्यांच्या घरी त्यांचा बाथरूम वापरत नाहीस का विचारलं, तर आत्या म्हणाली, "कामवाल्यांनी वापरायचा नाही असं काही नाही. पण त्यांनी कधी वापर म्हटलंही नाही."

खिडकी ताई, शाळा निघाली. तिसरीपर्यंत गेलीय. शाळेचं नाव सांगते, पण ती शाळा आता दुसऱ्या इमारतीत गेलीय. शोधतो. भावाला फोटोपासचं सांगितलं, आधी जरा फुगला, मग म्हणाला आईच्या नावावर असेल तर माझी हरकत कशाला. ना हरकत द्यायला पुढच्या सुट्टीला येतोय.

आणि नवीन एक कळलं. खालच्या दोन घरांनी ड्रेनेजला जोड घेऊन घरात संडास बांधलाय, चेंबर आत्याच्या दारापासून फार लांब नाही. मोरीचाच कोपरा चार विटांनी अडवला तर कमोड बसेल असं गवंडी म्हणतो. पाणी पिंपातनं. आत्या म्हणते, खोलीत संडास म्हणजे चुलीशेजारी संडास, शी. बायको म्हणाली, मग दार लावू, पत्र्याचं का होईना. त्यावर गप्प बसली, पण नाही म्हणाली नाही.

तोवर खुर्ची घेतोय. भांडं ओतायला शेजारच्या घरातली सून तयार आहे, पैसे नको म्हणते. मी देणार. फुकटचं दोन महिने चालतं, नंतर भांडण होतं. सध्या हलवत नाही. पाइपाबद्दल कुणाला माहिती असेल तर सांगा. गवंडी तीन इंची टाकू म्हणतोय, स्वस्तात होईल म्हणे.

दांडेकर_पूल_जुना

तीन इंची अजिबात नको. संडासाला चार इंचीच, आणि चेंबरपर्यंत उतार सलग ठेवा, मधे काटकोनी वळण देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात तुंबून सगळं आत्याच्याच घरात येईल. चेंबरच्या बाजूच्या दोन्ही घरांची तोंडी परवानगी नको, कागदावर सह्या घ्या, कारण गल्ली त्यांच्या दारापुढं फोडायचीय. क्षेत्रीय कार्यालयात जोडाचा अर्ज टाका. आणि गल्लीत काँक्रीट टाकायचं काम निघणार आहे का ते आधी नगरसेवकाच्या ऑफिसात विचारा. काँक्रीट पडल्यावर कुणी फोडू देत नाही.

निवृत्त_परिचारिका

कमोडच्या उजव्या हाताला भिंतीत दांडी आत्ताच बसवून घ्या, गवंडी आहे तोवर. स्टीलची, खिळ्यांवर नाही, बोल्टवर. मोरीची फरशी गुळगुळीत असेल तर तेवढी खरखरीत बसवा. आणि पोळ्यांच्या घरच्या बाईंना तुमच्या बायकोनं एक फोन करावा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, त्यांच्या ध्यानातच आलेलं नसतं.